पूर्वेकडे पाय

काळ्या मातीतली कबर लगेच बांधत नाहीत. एक पावसाळा आणि अर्धा उन्हाळा जाऊ द्यायचा, माती बसू द्यायची, भेगा पडायच्या त्या पडू द्यायच्या आणि मगच चौथरा घालायचा, अशी मंगरूळपीरच्या ख्रिस्ती वस्तीची रीत होती. जानराव वारले ते मागच्या जुलैच्या एकोणीस तारखेला, झडीत. म्हणून १९७४ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, एप्रिलच्या तेरा तारखेला, लखीराम मिस्त्री सकाळी सात वाजता दोरी आणि चार खुंट्या घेऊन कबरस्तानात आला.

आदला दिवस चुन्याचा. वस्तीतलं प्रत्येक घर आपापल्या कबरींना चुना मारत होतं. केशरबाई आजीच्या कबरीशी बसली होती. जानरावांच्या तीन लेकरांतली ही मधली, सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि नवरा वारल्यापासून माहेरीच राहत होती. थोरला भाऊ माणिकराव मिस्त्रीजवळ उभा होता. तो मिशनच्या सुतारशाळेत शिकलेला, ख्रिस्ती मंडळीचा पंच, आणि पाळकसाहेब वाशिमला असल्यामुळे वर्षातले अकरा महिने वस्तीचा पाळकही तोच.

लखीरामने एक खुंटी ठोकली. दुसरी ठोकता ठोकता तो थांबला.

"माणिकभाऊ, खांद्याची बाजू कोनती?"

"पश्चिमेची. डोकं पश्चिमेले, पाय पूर्वेले. इतक्या कबरी बांधल्या तू, अन अजून इचारतं?"

"म्हनून तं इचारतो. इकडं या जरा."

त्या कबरस्तानात चौसष्ट कबरी होत्या आणि चौसष्टही एकाच दिशेने होत्या. शेवटच्या दिवशी प्रभू उगवतीकडून येईल, मेलेले उठतील, आणि उठलेला माणूस सरळ उभा राहिला की त्याचं तोंड प्रभूकडे असलं पाहिजे. म्हणून पाय पूर्वेला. कोणी शिकवलं होतं हे आता कोणाला आठवत नव्हतं, पण पाळण्यातलं पोर कुठल्या कुशीला झोपवायचं हे जसं बायांना सांगावं लागत नाही, तसं हे वस्तीतल्या पुरुषांना सांगावं लागत नव्हतं.

केशरबाई हात पुसत उठली. शवपेटीवरची माती खचली होती आणि तिच्या कडेने बोट जाईल एवढी भेग पडली होती. भेगेने जमिनीवर पेटीचा आकारच काढून ठेवला होता. एक टोक रुंद, दुसरं निमुळतं. रुंद टोक, म्हणजे खांद्याचं, पूर्वेला होतं.

माणिकरावने खिशातली घडीची पट्टी काढली आणि गुडघ्यांवर बसून रुंद टोक मोजलं. बावीस इंच. मग पश्चिमेचं टोक मोजलं. बारा. पेटी त्यानेच बनवली होती, बाप शेवटचे श्वास घेत असताना, मागच्या पडवीत. मापं त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

तो बराच वेळ पट्टी हातात धरून तसाच बसून राहिला. केशरबाईला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. पण पुढे दिवसभर तिला ते बसून राहणंच आठवत राहिलं. दादा इतका वेळ गप्प राहत नसे.

मग तो उठला आणि एवढंच म्हणाला, "देवमन."

"देवमनचं काय?"

"डोक्याच्या बाजूनं तोच होता. पेटी त्यानंच फिरवली. बाबाची पाठ केली प्रभूकडं."

लखीरामने दोरी गुंडाळायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात उभं राहू नये एवढं त्याला कळत होतं.

"मिस्त्री, चार वाजता ये," माणिकराव म्हणाला. "येताना दोन गडी आन. टिकास-फावडे घेऊन."

"कायले?"

"कबर खोलाची हाय. उद्या पहाटेच्या आंदी बाबाले सरळ कराचं हाय."

*

देवमन आणि लीलाबाई अकराच्या गाडीने धनजहून आले. देवमन धाकटा. छप्पन साली, बावीस वर्षांचा असताना, तो नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परत आला. जानराव वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत, मग बोलू लागले, मग वर्षातून दोनदा धनजला जाऊन राहूही लागले. माणिकराव मात्र सतरा वर्षांत धनजला एकदाही गेला नव्हता. देवमन तिथे शाळामास्तर होता. उद्या बाबासाहेबांची जयंती, मिरवणूक नऊला, आणि ती काढणारा देवमनच. तरी तो आला होता, कारण आईने निरोप धाडला होता: बाबा गेल्यानंतरची पहिली ईस्टरची पहाट, माझी तिन्ही लेकरं कबरीपाशी पाहिजेत. साडेसहाची गाडी पकडून तू तुझ्या कामाला जा.

त्याने अंगणात पिशवी ठेवली नाही तोच माणिकराव पुढे झाला.

"काय केलं तू बाबाचं?"

"पानी तं पेऊ दे त्याले," आई भागिरथा बाजेवरून म्हणाली.

"माय, तू मधात बोलू नको. इचार त्याले, पेटी उलटी कायले उतरवली."

देवमनने तांब्या लीलाबाईच्या हातात दिला. त्याने आधी दादाकडे पाहिलं, मग केशरबाईकडे. "कोन म्हन्ते उलटी?"

"जमीन म्हन्ते. जाऊन पाहून ये. बावीस इंच पूर्वेले हायेत."

माणिकरावची बायको तुळसाबाई चुलीपाशी होती. ती पोळी तव्यावर तशीच ठेवून दारात आली. "मले तवाच शंका आल्ती. ज्याचा विश्वास नाही त्यानं खांदा देऊच नाही."

"कवा आल्ती शंका, जाऊबाई?" लीलाबाईने विचारलं. "आता पोळी लाटता लाटता?"

"लीलाबाई, तोंड सांभाळा."

"सांभाळूनच बोलून राह्यली. मी आपली अडानी. पन मले एक सांगा दादा, तुमचा देव मढं उठवते म्हन्ता. हाडायची माती झाली असन तरी त्यातून मानूस उभा करते म्हन्ता. अन एवढा देव, त्याले मानसाचं तोंड फिरवता येत नाही काय?"

बाजेवर भागिरथाबाईंच्या गळ्यातून काहीतरी आवाज आला. खोकला होता की हसू, हे केशरबाईला ओळखू आलं नाही. तुळसाबाईने पदर तोंडाशी नेला आणि पोळी जळते म्हणून आत गेली. पोळी जळत होतीच.

"देवाचं देव पाहीन," माणिकराव म्हणाला. "मी मानसाचं इचारून राह्यलो. देवमन, तू मुद्दाम केलं का नाही, एवढंच सांग. नाहीतर चार वाजता कबर खोलतो. अन मंग या कबरस्तानात तुहा पाय नाही. मायच्या मातीलेबी नाही."

भागिरथाबाई उठून बसल्या. "माह्या मातीचं तू ठरवतं काय?"

"मंडळीचा पंच म्हनून सांगतो."

देवमन खाली बघत होता. मास्तर मुलाचं उत्तर ऐकताना बघतो तसा. मग तो म्हणाला, "बाबानीच सांगतलं होतं मले."

"काय?"

"आजारात. तुमी सारे बाहेर होते. म्हने, देवमन, मले पश्चिमेकडं तोंड करून ठेवजो. आयुष्यभर लोकायसमोर उभा राहून बोललो, म्हने. उठीन तवाबी मले आंदी लोकायचे तोंडं दिसले पायजेत, मंग प्रभू. प्रभूले राग येनार नाही, म्हने."

हे जानरावांसारखं होतं. फार होतं. चाळीस वर्षं ते दर रविवारी वस्तीत आणि बाजाराच्या दिवशी झाडाखाली उभे राहून उपदेश करीत आले होते. भागिरथाबाईंचे डोळे भरले. "असं म्हन्ले ते?"

"हो माय."

केशरबाईचा मात्र विश्वास बसला नाही. बाबांच्या शेवटच्या अकरा दिवसांत ती त्यांच्या उशाशी होती. ताप लिहिलेला कागद अजून तिच्या ट्रंकेत होता. देवमन आला तो अकराव्या दिवशी, आणि तेव्हा बाबांची जीभ जड झाली होती. पाणी मागायलाही त्यांना बोट लागत होतं. तेवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं.

म्हणजे देवमन खोटं बोलतोय. मग दादाचंच खरं, असं तिच्या मनात आलं आणि तिने दादाकडे पाहिलं. तो भडकायला हवा होता. खोटारड्या, म्हणायला हवा होता. पण तो खांबाला हात लावून उभा होता आणि त्याचा चेहरा पडला होता.

"खोटं हाय," तो शेवटी म्हणाला, पण हळू. "चार वाजता गडी येतीन." आणि चपला घालून बाहेर गेला.

*

केशरबाई दुपारी पडली नाही. तिने तो दिवस पहिल्यापासून आठवायला घेतला. दवाखान्यात बाळंतिणीची नोंद ती अशीच लिहीत असे, कोण किती वाजता आलं, काय झालं, मग काय झालं. मधली ओळ सुटली की पुढचं सगळं चुकतं.

कबरस्तानाचं फाटक पूर्वेला. मंडळी नेहमी फाटकातून येते, पेटी पाय पुढे करून. म्हणजे आत शिरताना पाय पश्चिमेला होतात. म्हणून खड्ड्यापाशी आल्यावर पंच म्हणतो, "फिरवा." चौघे अर्धा वळसा घेतात, पाय पूर्वेला येतात, आणि मग पेटी खाली जाते. दादाने हा शब्द तीस-चाळीस मौतींना उच्चारला असेल.

पण त्या दिवशी फाटकापुढचा नाला भरून वाहत होता. बैलगाडी बरडावरून वळवून आणली आणि पेटी मागच्या पडक्या भिंतीतून आत नेली. पश्चिमेकडून. पाय पुढे. म्हणजे पाय आधीच पूर्वेला होते.

ती छत्री घेऊन आईजवळ उभी होती. खड्ड्यात पाणी भरत होतं. आणि दादा ओरडला होता...

ती उठली. देवमन मागच्या कडुनिंबाखाली बसून उद्याच्या भाषणाचा कागद वाचत होता.

"देवमन, दादा म्हन्ला होता, फिरवा."

त्याने कागदाची घडी केली.

"तू म्हन्ला, कायले फिरवाचं? त्यो तुह्या अंगावर ओरडला. इथं तुहं काय चालत नाही म्हने, सांगतलं तसं कर. मंग तुमी चौघानं फिरवली."

"तुले सारंच आठवते व बाई."

"बाबानं तुले काही सांगतलं नाही. त्यायची जीभ गेली होती."

"नाही सांगतलं."

"मंग कायले बोलला खोटं?"

देवमनने निंबाची एक काडी उचलली आणि मोडली. "हे पाय. माह्यासाठी बाबा मातीत मिसळले. डोकं इकडं काय अन तिकडं काय, मले सारखंच. पन दादासाठी त्यो मानूस उठनार हाय. आज नाही तं उद्या, खरोखरचा, हातापायानं. त्याले जर उमजलं का आपल्याच तोंडच्या शब्दानं बापाची पाठ प्रभूकडं झाली, तं त्यो जगन काय? ज्याले वजन लागते त्याच्या डोक्यावर कायले द्याचं? माह्या डोक्यावर असू दे. मले लागत नाही."

"अन कबरस्तानात पाय ठेवू देनार नाही त्याचं?"

"त्यो काय नवा वैरी झाला? जुनाच हाय."

तो हसला. ते हसू केशरबाईला आवडलं नाही. सकाळी तिने एकावर संशय घेतला होता, दुपारी दुसऱ्यावर, आणि आता या चांगुलपणावरही तिचा संशय जाईना.

"तुले मोठेपना पायजे, देवमन. दादाले आंधळा ठेवाचा अन मनातल्या मनात म्हनाचं, पाय, मी किती मोठा. हेबी वैरच हाय."

त्याचं हसू गेलं. "तं काय करू? तोंडावर सांगू त्याच्या?"

"तू नको सांगू. तुहं कोनी खरं मानत नाही. मी सांगते."

"बाई, उद्या सन हाय. राहू दे."

"उद्या सन हाय म्हनूनच."

वीस वर्षं ती रविवारच्या शाळेत पोरांना तीच गोष्ट सांगत आली होती. पहाटे बाया कबरीपाशी गेल्या, धोंड सरकलेली, आत कोणी नाही. त्या धावत आल्या आणि त्यांनी पाहिलं ते सांगितलं. पुरुषांना वाटलं, बाया बडबडतात. शिपायांनी आवई उठवली की शिष्यांनी मढं चोरलं. त्या दिवशी यरुशलेमात प्रत्येकाचा प्रत्येकावर संशय होता. पोरं हमखास विचारत, मग बायांनी काय केलं? ती म्हणे, काही नाही, जे पाहिलं तेच परत सांगितलं. साऱ्या विश्वासाचा पाया तेवढाच आहे, कोणीतरी पाहिलं ते सांगणं. त्यात दयेपोटी एक शब्द बदलला असता तर आज आपण इथे नसतो. हे शेवटचं वाक्य ती पोरांना सांगत नसे. ते तिचं स्वतःचं होतं, आणि आजवर ते तिला कधी महाग पडलं नव्हतं.

*

चार वाजता लखीराम दोन गडी घेऊन उभा होता. ऊन अजून उतरलं नव्हतं. भागिरथाबाई काठी टेकत, लीलाबाईच्या खांद्यावर हात ठेवून आल्या. तुळसाबाई त्यांच्यापासून चार हात मागे, आणि देवमन फाटकाबाहेर.

गड्याने टिकास उचललं.

"थांब बाप्पा," केशरबाई म्हणाली. "दादा, आंदी माह्यं ऐक. नऊ महिने झाले. पेटी आंब्याची होती, सागाची नव्हती. आत काय दिसन ते मले माहीत हाय, तुले नाही. मायच्या समोर ते खोलू नको."

"मायले घरी ने."

"मी कुठंच जात नाही," भागिरथाबाई म्हणाल्या.

"अन दुसरं. देवमननं काही केलं नाही. आपून मागच्या पडक्या भिंतीतून आलो होतो. पाय पयलेच पूर्वेले होते. फिरवा तू म्हन्ला, दादा. सवयीनं म्हन्ला. देवमन थांबला होता, तू त्याले दटावलं."

"खोटं."

"मी छत्री धरून उभी होती."

"पान्यात तुले काय ऐकू आलं असन..."

"मलेबी ऐकू आल्तं," मागून तुळसाबाई म्हणाली.

माणिकरावने वळून बायकोकडे पाहिलं. सकाळी हीच दारात उभी राहून त्याच्या बाजूने साक्ष देत होती.

"तू तं सकाळी म्हन्ली का..."

"सकाळी तुमचं ऐकून म्हन्ली. मंग स्वयंपाक करता करता आठवलं. तुमी दोनदा म्हन्ले. फिरवा, फिरवा म्हन्लं ना."

लखीराम आणि गडी कबरीपासून दूर सरकले. माणिकराव तिथेच, भेगेच्या कडेला, उकिडवा बसला.

"मले माहीत हाय," तो म्हणाला. "सकाळीच आठवलं. मिस्त्रीनं दोरी धरली अन मी पट्टी लावली, तवाच. माह्याच आवाजात ऐकू आलं, फिरवा. अन तेवढ्यात तोंडातून देवमनचं नाव निघून गेलं. मले थांबवता आलं असतं. नाही थांबवलं."

केशरबाईला वाटलं होतं, दादा विसरला आहे आणि आपण त्याला आठवण देणार. यासाठी तिची तयारी नव्हती.

फाटकाबाहेरून देवमन आत आला. त्याचा चेहरा पांढरा झाला होता. "म्हंजे तुले माहीत होतं. मी तिकडं बाबाच्या नावानं खोटं बोलून तुले वाचवून राह्यलो, अन तुले माहीत होतं. तरी तू म्हन्ला, खोटं हाय. मायच्या मातीले येऊ देनार नाही म्हन्ला."

"हो."

"लीला, पिशवी घे. साडेपाचची गाडी हाय."

"देवमन," माणिकराव म्हणाला. मग तो आईकडे वळला आणि लहान पोरासारखं म्हणाला, "माय, बाबाची पाठ राहीन आता प्रभूकडं. मी केली."

भागिरथाबाई काठीवर वाकून त्या रुंद टोकाकडे बघत होत्या. "तुहा बाप पायाळू होता, माहीत हाय काय तुले? माही सासू सांगे. पाय आंदी आले, दाई म्हने हे पोर जगत नाही. ऐंशी वर्स जगला. केशर, तू सांग, पायाळू लेकरू जन्मते का नाही?"

"जन्मते माय. दाईले तरास होते जरा."

"मंग? एकदा उलटा आला, अजून एकदा उलटा येईन. ज्याले काढाचं हाय त्याले काढता येते." त्या लीलाबाईकडे वळल्या. "सकाळी तू बोलली ते खरं बोलली व. मले हसू आल्तं, पन ह्याच्या भेवानं खोकली."

लखीरामला धीर आला. "मंग आजी, खोलाचं नाही?"

"नाही. जसा हाय तसा बांध. अन देवमन, तू जा. तुले कोनी धरून ठेवत नाही. पन आपलं घर तुह्या बापाचं हाय. तिथून भांडून कोनी संध्याकाळी निंगत नाही, त्यायनं निंगू देलं नाही. सकाळी उठाचं अन पाहाचं, कालचं किती उरलं हाय ते. तेवढ्यासाठी तं देव रोज उठवते, म्हनत ते. सकाळी उरलं असन तं सकाळी जा."

देवमन पिशवीशिवायच उभा होता. लीलाबाई ती आणायला हललीच नव्हती.

*

पहाटे पाच वाजता वस्ती कंदील घेऊन कबरस्तानात जमली. ताज्या चुन्याच्या वासात, सणासाठी वाशिमहून आलेल्या पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि रीतीप्रमाणे पंचाला साक्ष द्यायला उभं केलं. देवमन आणि लीलाबाई भिंतीशी उभे होते. रात्रभर दोघे भाऊ एका पडवीत झोपले होते आणि एक शब्दही बोलले नव्हते.

केशरबाई कान देऊन होती. दादा आता काय करील हे तिला माहीत होतं. तो म्हणेल, आपण सारे चुकणारे, देव क्षमाशील. गोल गोल बोलून बसून जाईल. पंच असेच बोलतात.

"आमच्या हातून," माणिकरावने सुरुवात केली, आणि तिने मान खाली घातली. पण तो थांबला. "हातून नाही. माझ्या तोंडून. माझ्या बापाची पेटी मी उलटी उतरवली. सवयीने शब्द बोललो आणि चौघांनी ऐकला. काल ते उघडं पडलं. ते मला आठवत असताना मी माझ्या धाकट्या भावाचं नाव घेतलं. तो आज इथे आहे. माझी साक्ष एवढीच आहे." आणि तो बसला.

कोणीतरी खाकरलं. मागच्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला विचारू लागला, म्हणजे कोण उलटा, जानराव का माणिकराव? मग उजाडलं, रीतीचा जयघोष झाला, प्रभू उठला आहे, खरोखर उठला आहे, आणि लोक एकमेकांना भेटू लागले. माणिकराव कोणाला भेटला नाही. तो लोकांतून वाट काढत सरळ भिंतीकडे गेला. काय बोलणं झालं ते केशरबाईला ऐकू आलं नाही. दोघांमध्ये हातभर अंतर होतं आणि ते कमी झालेलं तिला दिसलं नाही.

स्टँडवर धनजची गाडी लागली होती. देवमनने पिशवी वर चढवली, लीलाबाई चढली, देवमन चढला. त्याच्या मागून माणिकराव चढला, सणाच्या पांढऱ्या सदऱ्यात, हात रिकामे.

"कुठं?" देवमनने विचारलं.

"धनजले."

"काहून?"

"तू राह्यतं कुठं ते मले माहीत नाही."

"मिरवनूक हाय आज. लोकं इचारतीन, हे कोन?"

"सांगजो."

लीलाबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "बाई, हे खरंच येतीन काय? का फाट्यावर उतरून परत येतीन?"

"मले काय माहीत," केशरबाई म्हणाली.

कंडक्टरने घंटी मारली. गाडी धूळ उडवत निघाली. आई घरी वाट पाहत होती, आठला दवाखान्याची पाळी होती, पण केशरबाई हलली नाही. मागच्या काचेतून पांढरा सदरा दिसत होता. फाट्याच्या वळणावर गाडी हळू झाली, जवळजवळ थांबलीच. केशरबाईने ऊन लागू नये म्हणून कपाळावर हात धरला आणि दाराकडे बघत राहिली.

कोणी उतरलं नाही.